समुद्र नसलेल्या गावातली चाळीस मननं

ख्रिस्ती उपवासकाळ, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस, जवळ आला की रोज सकाळी मोबाइलवर मननं, म्हणजे बायबलच्या एखाद्या वचनावरचे छोटे लेख, येऊ लागतात, आणि त्यातली बरीचशी समुद्रकाठची असतात. जाळी, होडी, दीपगृह, भरती-ओहोटी. लिहिणारा वसईचा किंवा गोव्याचा असेल तर ते सगळं त्याच्या दारातच आहे, तक्रारीला जागा नाही. नाशिकरोडहून सकाळच्या पाळीला निघालेल्या माणसाने दीपगृहाचं काय करायचं, एवढाच प्रश्न. त्यात भाषाही खोडी काढते. बायबलमधल्या इब्रीकरांस पत्राच्या ६:१९ मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. निफाडच्या वाचकाला नांगर म्हणजे शेतातला. तो वाक्य वाचतो, मान डोलावतो, आणि त्याच्या मनात जहाजाला जागेवर धरून ठेवणाऱ्या वस्तूऐवजी पुढे ओढत न्यायचं औत उभं राहतं. लूक ९:६२ मधला, हात घातल्यावर मागे बघू नये असा नांगर तो हाच. एका शब्दात दोन उलट्या वस्तू, आणि मनन लिहिणाऱ्याला पत्ताच नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी, काही कॅथलिक तर काही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीतले, नाशिकच्या रोजच्या वस्तूंवरून चाळीस मननं लिहायला घेतली. ती कशी लिहिली आणि कुठे फसली ते इथे मांडतो आहोत.

आधी समुद्राचाच निकाल लावावा लागला, कारण शुभवर्तमानातून समुद्र काढता येत नाही. नकाशा उघडला की अर्धी अडचण सुटते. गालीलचा समुद्र हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब, १३ किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक मीटर खाली. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर त्याला सरळ सरोवरच म्हणतो (५:१). तिथे खारा वारा नाही, भरती नाही. भोवती डोंगर आहेत, त्यांच्या घळींतून वारा एकदम खाली उतरतो, म्हणून वादळ न सांगता येतं. हे समजायला जुहूची चौपाटी नको, गंगापूर धरणाचा जलाशय पुरतो. मासाही ओळखीचा निघाला. तिथे ज्याला आज पेत्राचा मासा म्हणतात तो तिलापिया, आणि आपल्याकडे धरणातून येणारी चिलापी त्याच कुळातली. जाळी लिननच्या सुताची असत, दिवसाउजेडी ती माशांना दिसत. म्हणून मासेमारी रात्री, आणि सकाळी जाळी धुऊन वाळत घालायची, नाहीतर ती कुजत. लूक ५ मध्ये येशूच्या मच्छीमार शिष्याला, पेत्राला, पुन्हा जाळं टाकायला सांगितलं जातं ते नेमकं जाळी धुवायला घेतल्यावर. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्याला हे एका वाक्यात कळतं: मशीन पुसून ठेवलं, हात धुतले, आणि साहेब म्हणाले, एक लॉट अजून काढ.

हिशेब असा. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४०. सन २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानाचा सण ५ एप्रिलला. हा काळ आपल्याकडे द्राक्षकाढणीचा, उन्हाळ कांदा निघायला लागण्याचा आणि दहावीच्या परीक्षेचा. ऑक्टोबरातली छाटणी किंवा श्रावणातला पूर त्या दिवसांत डोळ्यांपुढे नसतो. आठवणीवरून लिहिलेलं चुकतं, म्हणून नोंदींच्या वह्या आधीच्या पावसाळ्यातच सुरू करायला हव्यात. आम्ही जानेवारीत सुरू केल्या. त्यामुळे पुराचं मनन दोनदा लिहावं लागलं, आणि तरी ते सगळ्यांत कमकुवत आहे.

वहीत तीन रकाने. वस्तू काय. कुठे, किती वाजता पाहिली. कोणाला विचारायचं. वचनाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही, आणि पहिला आठवडाभर कोणी वचन शोधायचं नाही असं ठरवलं. वचन आधी हातात असलं की डोळा त्याला जुळेल तेवढंच पाहतो. मग 'प्रकाश' म्हणून मेणबत्ती आणि 'मीठ' म्हणून मीठ, दरवर्षी तेच. नोंद करायची वेळ रात्री झोपण्यापूर्वीची, दहा-पंधरा मिनिटं. त्यासाठी जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी घालून दिलेली दिवसाची तपासणी फार उपयोगी पडते: आभार मानायचे, उजेड मागायचा, दिवस सकाळपासून क्रमाने डोळ्यांखालून घालायचा, चुकलं ते कबूल करायचं, उद्याचं ठरवायचं. त्यातला आमच्या कामाचा तो तिसरा टप्पा. मात्र तो पहिल्या दोनाशिवाय करायला गेलं तर दिवसाची उजळणी होते ती फक्त कटकटींची.

पहिल्या आठवड्याच्या वह्यांत वस्तूच नव्हत्या. 'आईची माया', 'पहाटेची शांतता', 'गर्दीतला एकटेपणा'. हे निष्कर्ष आहेत, आणि निष्कर्षापासून निघालेलं मनन जागचं हलत नाही. मग नियम केला: जे हातात धरता येतं किंवा ज्याचा भाव विचारता येतो तेवढंच लिहायचं. दुसऱ्या आठवड्यात विरजणाची वाटी आली, फाटकी नोट आली, गोल्टी, म्हणजे अगदी लहान आकाराचा कांदा आला, शरणपूर रोडची पाटी आली.

तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा ठरला. वस्तू रोज हाताळणारा माणूस गाठायचा आणि त्याला तिच्याविषयी विचारायचं. शास्त्राविषयी अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर तो आपल्याला आवडेल असंच सांगतो.

द्राक्षाचं उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण इथेच सगळे घसरतात. योहान १५, म्हणजे येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तो अध्याय, वाचलेला पण बागेत कधी न गेलेला माणूस छाटणीवर हमखास लिहितो, आणि हमखास हेच लिहितो: कात्री लागते, दुखतं, मग फळ येतं. बागाईतदार हे ऐकून गप्प बसतो. नाशिक जिल्ह्यात वेल वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक एकदाच घेतात. काढणी आटोपल्यावर एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलाच्या आडव्या मुख्य फांदीवरच्या काड्या एक-दोन डोळे (फुटीचे कोंब) राखून खरडून काढायच्या. त्यातून जी नवी फूट निघते तिची काडी पिकवायची. मग साधारण ऑक्टोबरात फळछाटणी, तिलाच गोडी छाटणी म्हणतात. घड डोळ्यांना दिसतात ते या दुसऱ्या छाटणीनंतर. घड ठरतो मात्र त्याच्या कितीतरी आधी, खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, डोळ्याच्या आत, बाहेरून काही म्हणता काही दिसत नसताना. म्हणून कित्येक जण फळछाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली कितव्या डोळ्यात घड आहे ते कळतं आणि कात्री कुठे लावायची ते ठरतं.

एवढं कळल्यावर आधीचा मसुदा फाडावा लागला. पहिल्या छाटणीतून फळ येतच नाही, सहा महिने नुसती काडी येते. आणि कापणारा अंदाजाने कापत नाही, आत काय आहे ते बघून कापतो. योहान १५:२ मध्ये या दोन गोष्टींना जागा आहे, दुखण्याला फारशी नाही. मूळ ग्रीकमध्ये छाटण्यासाठी वापरलेलं क्रियापद 'शुद्ध करणं' या अर्थाचं आहे आणि पुढच्याच ओवीत, म्हणजे वचनात, 'तुम्ही शुद्ध झालाच आहात' म्हणताना तोच धातू येतो. मराठीत 'साफसूफ' हा शब्द त्या दृष्टीने चांगला बसला आहे. 'फाटा' या शब्दाची मात्र पंचाईत. नाशिककराला फाटा म्हटलं की एसटीचा थांबा आठवतो. आम्ही वचनात फाटा ठेवला आणि आमच्या मजकुरात सगळीकडे काडी.

त्याच वचनातला पहिला भाग, फळ न देणारा फाटा काढून टाकणं, म्हणजे बागेतली फेलफूट काढणं. लिहिणारे तिला वाळकी फांदी करून टाकतात. फेलफूट वाळलेली नसते. ती हिरवीगार असते, जोमात असते, फक्त तिच्यावर घड नसतो, आणि ठेवली तर घडाच्या वाटणीचं अन्न खाते, शिवाय दाटी वाढून हवा खेळेनाशी होते आणि भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांना बरं होतं. हे वाचून चर्चच्या कमिट्यांत वर्षानुवर्षं हिरवेगार असणाऱ्या काहींना राग येईल अशी शंका एकाने काढली. ओळ ठेवली.

एक पथ्य इथे कडक पाळलं. ज्याच्या घरातलं माणूस नुकतंच गेलं आहे त्याच्या हातात 'देव छाटणी करतो आहे' हे वाक्य पडता कामा नये. वचनात साफसूफ होते ती फळ देणाऱ्या फाट्याची स्वतःची. शेजारचा फाटा तोडून ती होत नाही.

कलमाचा मुद्दाही बागेतच सापडला. आपल्याकडे खाली डॉगरिज या रानटी वेलाचा खुंट असतो, कारण तो कमी पाणी आणि खारवट जमीन सोसतो, आणि वर थॉमसनसारख्या चांगल्या जातीची काडी. रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल नेमकं उलट सांगतो: रानटी जैतुनाची डहाळी चांगल्या झाडावर. शेतकरी वाचक म्हणेल, या माणसाला कलम कळत नाही. पण २४ व्या ओवीत पौलच म्हणतो की हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. डॉगरिज माहीत असलेल्यालाच त्या शब्दाचं वजन कळतं.

आता नोट. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ चा आणि नोटांचा प्रेस १९२८ चा, तेव्हा या गावात मार्क १२:१३–१७ वर मनन हवंच. कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यावा का असं विचारल्यावर येशू नाणं मागवून घेतो आणि विचारतो, यावर प्रतिमा कोणाची? ते नाणं म्हणजे दिनार, मजुराची एका दिवसाची मजुरी, वर कैसराचं तोंड. 'प्रतिमा' यासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे तोच उत्पत्ती १:२७ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात माणसाबद्दल आहे. कैसराचं कैसराला दिल्यावर उरतो तो माणूस, त्याच्यावर छाप वेगळी. इथवर सरळ होतं. मग कोणीतरी ते सुप्रसिद्ध चुरगळलेल्या नोटेचं उदाहरण जोडलं: नोट चुरगळा, पायाखाली तुडवा, किंमत कमी होत नाही. बँकेतल्या खिडकीमागे बसणाऱ्याला विचारलं. चुरगळलेल्या नोटेची किंमत राहते, फाटलेल्या नोटेची राहीलच असं नाही. पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० असेल तर निम्मे, ४० पेक्षा कमी असेल तर काही नाही. म्हणजे ज्या माणसाला आपण पार फाटलो आहोत असं वाटतं त्याला हे उदाहरण दिलं तर त्याच्या वाट्याला शून्य येतं. उदाहरण टाकलं नाही, उलटं केलं. रिझर्व्ह बँक तुकडा मोजते. लूक १५ मधला उधळ्या मुलाचा बाप अंगावरची लक्तरं न मोजता उत्तम अंगरखा मागवतो.

विरजणाला मराठीनेच आडकाठी केली. मत्तय १३:३३ मधल्या दाखल्यात देवाचं राज्य एका बाईने पिठात कालवलेल्या खमिरासारखं म्हटलं आहे. ते खमीर म्हणजे आजच्या पाकिटातलं यीस्ट नव्हे. आदल्या दिवशीच्या आंबलेल्या कणकेचा गोळा मागे ठेवायचा आणि नव्या पिठात कालवायचा, अशी ती रीत. आपल्या घरात याच्या सर्वांत जवळचं म्हणजे विरजण: कालच्या दह्यातलं एक चमचाभर आज लिटरभर कोमट दुधात. बोट घातलं तर सोसवेल इतपतच दूध गरम हवं. जास्त गरम असेल तर विरजण मरतं, फार गार असेल तर लागत नाही, आणि निफाडला पारा पाचाच्या खाली जातो त्या दिवसांत पातेलं गोधडीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवावं लागतं. लागताना हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही. इतकं छान जुळत असताना पहिल्याच वाचनात एक बाई हसल्या. मराठीत उत्साहावर विरजण पडतं! देवाचं राज्य विरजणासारखं आहे म्हटलं की अर्ध्या सभेला नको ते ऐकू येतं. शेवटी पहिलं वाक्यच त्या वाक्प्रचारापासून सुरू केलं आणि पुढे स्वयंपाकघरात नेलं. दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दाखल्यातली बाई चमचाभर दुधाला विरजण लावत नाही. तीन मापं पीठ म्हणजे शंभरएक माणसांची भाकर होईल एवढं. घरच्या चार वाट्यांचं दही डोळ्यांपुढे ठेवलं तर दाखला छोटा होतो. लग्नघराचं श्रीखंड आठवलं तर बरोबर येतो.

कांदा साठवायच्या चाळीवर लूक १२ मधल्या मोठी कोठारं बांधणाऱ्या श्रीमंत माणसाचा दाखला लावायचा मोह होतो. लावू नये. चाळीत कांदा ठेवणारा शेतकरी हाव म्हणून ठेवत नाही. भाव पडलेला असतो म्हणून ठेवतो, आणि ठेवलेल्या कांद्याचं वजन घटतं, काजळी धरते, कोंब येतात, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. लासलगावच्या लिलावातून उतरलेल्या चेहऱ्याने परतलेल्या माणसाला मूर्ख म्हणणारं मनन आम्हाला नको होतं. चाळ वापरली ती निवडणीसाठी: एक सडका कांदा हाताने चाचपून बाहेर काढावा लागतो, वरून बघून कळत नाही.

गोदावरीबद्दल एक नियम पहिल्या दिवशीच केला. रामकुंडावर स्नानाला आलेल्यांकडे बोट दाखवून बाप्तिस्म्याचं मनन लिहायचं नाही. दुसऱ्याची भक्ती हा आपला कच्चा माल नव्हे. पूर मात्र सगळ्यांचा असतो, आणि पाणी किती चढलं हे नाशिककर, मग तो कोणत्याही धर्माचा असो, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच सांगतो: कमरेला, छातीला, गळ्याला. लूक ६:४८ मधलं घरही नदीच्या पुरात सापडतं, आणि तिथला माणूस खोल खणत खडकापर्यंत जातो.

लिहिण्याचं माप: एकूण २५० शब्द, मोठ्याने वाचायला अडीच मिनिटं. पहिले शंभर फक्त वस्तूला, त्यात देवाचं नाव नाही. मग वचन, आधी तो अख्खा अध्याय वाचून. सुट्या ओवीवर लिहिलेलं पुढच्या ओवीत आपटतं. शेवटी दोन वाक्यांची प्रार्थना, तिच्यात वस्तूचं नाव पुन्हा घ्यायचं. 'त्याचप्रमाणे आपल्या जीवनातही' हे शब्द जिथे येतील तिथून खालचं सगळं एकदा खोडून पाहायचं. दहापैकी सात वेळा काही बिघडत नाही. वाचन दोघांसमोर: एक त्या धंद्यातला, एक त्या धंद्याचा गंध नसलेला. पहिला 'असं नसतं' म्हणाला तर पुन्हा लिहायचं. दुसरा 'म्हणजे काय' म्हणाला तर एक वाक्य वाढवायचं. मिस्सा की उपासना, फादर की पाळकसाहेब, यावर वेळ घालवला नाही. जो लिहील त्याचा शब्द. भाषांतर मात्र सगळ्या चाळीसांना एकच, नाहीतर वाचणारा वचन शोधताना गोंधळतो.

चाळीसावं, पवित्र शनिवारचं, सगळ्यांत शेवटी लिहिलं. वहीत शरणपूर रोडची पाटी होती. रोज हजारो लोक त्या रस्त्याने हॉटेलांत आणि दुकानांत जातात. शरण आणि पूर, म्हणजे आश्रयाचं गाव. यहोशवाच्या २० व्या अध्यायात अशी सहा आश्रयनगरं नेमलेली आहेत, नकळत हातून खून झालेल्याला पळून जाऊन थांबता यावं म्हणून. नाशिकचं शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात वसवलं, आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणली गेली, शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेच्या आतल्या भागात मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली ती त्याने, आणि जिथे हृदय पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग लिव्हिंग्स्टन यांचे सोबती सूसी, चूमा आणि इतरांसोबत मिठाने आणि उन्हाने सुकवलेला तो देह किनाऱ्याकडे निघाला. नऊ महिने लागले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले, आणि १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा जेकब तिथे होता.

पवित्र शनिवारी शास्त्रात फार काही घडत नाही, देह हलवला जातो तो आदल्या संध्याकाळी. योसेफ येशूचा देह मागून घेतो, निकदेम गंधरस आणि अगरू आणतो, योहान त्याचं वजनही सांगतो, आजच्या हिशेबाने तीसेक किलो (१९:३९). त्या पानावर आम्ही एका बाजूला ते तीस किलो ठेवले आणि दुसऱ्या बाजूला नाशिकला शिकलेला मुलगा, खांद्यावर ओझं, समोर समुद्र. समुद्र आमच्या पुस्तिकेत आला तो तेवढाच. प्रार्थनेची दोन वाक्यं तिथे बसेनात, तेव्हा ती जागा कोरी सोडून पान छापायला दिलं.